ती कोवाई म्हणाली

तेव्हा दुपारचे चार वाजले होते. मध्यरात्र नव्हती. पाऊस नव्हता. समोरच्या इमारतीत कुणीतरी गच्चीच्या कठड्यावर गाद्या वाळत घातल्या होत्या आणि त्या बडवायचा धपधप आवाज येत होता. आणि मी खिडकीशी चंद्र बघत उभी नव्हते, सिंकपाशी उभी होते. आज अख्ख्या देशाला तोंडपाठ असलेली ती रात्र खरी अशी होती.

ओतोहा अकरा दिवसांची होती. डाव्या हातावर ती, उजव्या हातात बाटली घासायचा ब्रश. सिंकमध्ये आदल्या दिवसापासूनचे वाडगे, आणि त्यांच्या कडांना भात सिमेंटसारखा वाळून बसलेला. टाके ओढत होते. माझा नवरा यासुतो जमिनीवर मांडी घालून गिटारची तार बदलत होता.

मी म्हणाले, "कोवाई."

त्यानं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

"कोवाई रे."

तार पिळायचा कुईकुई आवाज.

तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा माझा आवाज फाटला असणार, कारण त्यानं गिटार बाजूला ठेवली. उठून आला, मागून आम्हा दोघींना मिठीत घेतलं आणि माझ्या कानाशी म्हणाला, "भिऊ नकोस. मी आहे ना." छान ऊबदार मिठी होती, खोटं कशाला बोलू. पाच मिनिटांनी तो वही घेऊन आतल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. वाडगे जिथे होते तिथेच.

टोकियोत कोवाई म्हणजे भीती वाटणं. पण मी टोकियोची नाही. मी उत्तरेची, होक्काइदोची. कुशिरोच्याही पूर्वेला, जिथे समुद्रातून कोंबू, म्हणजे खायचं लांब शेवाळ, ओढून काढतात आणि गोट्यांच्या अंगणात पट्ट्यापट्ट्यांनी वाळत घालतात, त्या किनाऱ्यावरची. आमच्याकडे बाई दिवसभर ओला कोंबू उचलून पायरीवर बसते आणि म्हणते, "कोवाई!" म्हणजे दमले. हाडं बोलतायत. आता मला कुणी काही सांगू नका.

मी भ्यायले नव्हते. मी दमले होते.

सात वर्षं टोकियोत राहून मी माझी बोली घासून घासून गुळगुळीत केली होती. कराओकेचा मजकूर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत कामाला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात कुणीतरी माझ्या बोलण्याला हसलं होतं. मग मी शिकले. यासुतो तर मित्रांना कौतुकानं सांगायचा, "हिच्या तोंडून उत्तरेचा एक शब्द येणार नाही." पण माणूस फार थकलं ना, की त्याचं तोंड आधी माहेरी जातं.

बाळंतपणाला मी माहेरी गेले नव्हते. जायची पद्धत आहे आमच्यात, सगळ्याच जातात. पण जुलैत कोंबूचा हंगाम सुरू होतो. आई पहाटे तीनला किनाऱ्यावर जाते, ती माझं काय करणार? आणि यासुतो म्हणाला होता, "मी आहे ना." हेच तीन शब्द. माणसाच्या गाठीला एवढीच शिल्लक असावी आणि त्यानं ती सगळीकडे वापरावी, तसे.

ऑगस्टमध्ये एका सकाळी त्यानं मला गाणं ऐकवलं. ओतोहाला दूध पाजत होते. तो समोर बसला, डोळे मिटले.

"कोवाई, म्हणालीस तू, खिडकीशी मध्यरात्री,
भिऊ नकोस, मी आहे ना, हात दे माझ्या हाती."

मला आधी हसूच आलं. वाटलं, चेष्टा करतोय. मग पाहिलं तर त्याच्या पापण्या ओल्या. दोन वर्षांत त्यानं एकही गाणं पुरं केलं नव्हतं. दिवसभर डब्यांच्या दुकानात भात भरायचा, संध्याकाळी स्टेशनासमोर उभा राहून गायचा, आणि लोक त्याच्याभोवतीनं वळून जायचे. ते पापण्यांवरचं पाणी बघून मी हसू गिळलं.

"मध्यरात्र कशी काय?" एवढंच विचारलं.

"गाण्यात दुपारचे चार कसे चालतील, सुझुनो?"

"आणि मी खिडकीशी?"

"सिंकला चाल बसत नाही गं."

तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. समजावून सांगायलाही अंगात जीव लागतो, आणि तो कुठून आणायचा? शिवाय लाज वाटली. वाटलं, गावठी शब्द आहे, कशाला उकरा. ही माझी चूक. मी ती लपवत नाही. पण चुकीलाही मापं असतात.

ऑक्टोबरात गाणं बाहेर पडलं. आधी कुणी विचारलं नाही. मग एका तरुण बापानं आपल्या झोपलेल्या बाळाच्या व्हिडिओमागे ते लावलं, ते पाहून दुसऱ्यानं, मग हजारोंनी. डिसेंबरपर्यंत ते सुपरमार्केटमध्ये माशांच्या काउंटरवर वाजत होतं, दाताच्या डॉक्टरकडे वाजत होतं. मी ओतोहाला पोटाशी बांधून मुळा निवडत असायचे आणि वरून माझ्या नवऱ्याचा आवाज यायचा, भिऊ नकोस, भिऊ नकोस. शेजारची बाई ट्रॉली थांबवून म्हणायची, "अगंबाई, गाण्यातल्या त्या तुम्हीच का? किती नशीबवान! माझ्या नवऱ्याला तर मी घाबरलेली कळतच नाही."

त्याच सुमारास ऑफिसातल्या माझ्या मैत्रिणीचा, मिझुएचा निरोप आला. "तुझ्या नवऱ्याचं गाणं माझ्या टेबलावर आलंय! कोवाई भीतीच्या चित्राक्षरानंच ना?"

आमच्याकडे तो शब्द दोन तऱ्हांनी लिहिता येतो. भीतीचं चित्राक्षर घातलं की अर्थ ठोकून पक्का होतो, पळवाट नाही. साध्या अक्षरांत को, वा, ई असं लिहिलं तर ज्याला जे ऐकायचं ते ऐकता येतं. यासुतोनं कंपनीला दिलेल्या कागदावर चित्राक्षर होतं. गीतकाराच्या कागदाला हात लावायचा नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम. मी मिझुएला लिहिलं, "कागदावर असेल तसं." लिहिताना दात आवळले गेले ते मला नंतर जबडा दुखला तेव्हा कळलं.

मग आईचा फोन आला. फोनवर ती हसतच होती, थांबेचना.

"अगं, त्या त्सुने आजीनं रेडिओवर ऐकलं. अशी तणतणत आली माझ्याकडे! म्हणते, कसला गं तुझा जावई? बायको बिचारी दमले दमले म्हणून गळा काढतेय आणि हा तिला सांगतोय भिऊ नकोस! भूत आलं होतं का घरात? अख्खा किनारा हसतोय. निळ्या बोटीवाल्या काकू तर म्हणाल्या, हे विनोदी गाणं आहे, ह्याला बक्षीस द्या."

मीही हसले. कित्येक महिन्यांनी हसले.

आणि मग आईचं हसणं थांबलं. पलीकडे केटलीची शिट्टी वाजत होती, ती तिनं बंद केली.

"सुझुनो," ती म्हणाली, "खरंच इतकी दमली होतीस का गं?"

एवढे महिने. एवढी माणसं. लाखो लोकांनी ते वाक्य ऐकलं, गायलं, त्यावर रडले. आणि हा प्रश्न पहिल्यांदा कुणी विचारला. मी फोन कानाशी धरून बाथरूममध्ये जाऊन बसले. मला रडू आलं असं कुणाला वाटेल. रडू नाही, राग आला. असा राग की कानशिलं तापली. पोटात इतके दिवस जे जडजड होतं ते दमणं नव्हतंच, हे होतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात महापालिकेचं पत्र आलं. ओतोहाला पाळणाघरात जागा मिळाली होती, एक एप्रिलपासून. टोकियोत ही जागा मिळणं म्हणजे काय ते आयांना विचारा. मी पाकीट हातात घेऊन स्वयंपाकघरात उड्या मारल्या. ओतोहाला वाटलं खेळ आहे, तीही खुर्चीत बसल्या बसल्या उडाली, तिचे दोन दात दिसले. वीस तारखेपर्यंत होकाराचा कागद भरून पाठवायचा, नाहीतर जागा पुढच्या बाळाला. माझी सुट्टीही एप्रिललाच संपत होती. माझं टेबल, माझे हेडफोन, आणि पडद्यावर गाण्याच्या बरोबरीनं पांढऱ्याची निळी होत जाणारी अक्षरं. मला ते सगळं परत हवं होतं. इतकं हवं होतं की वास यायचा त्या ऑफिसच्या कार्पेटचा.

कागदावर एक तक्ता होता. सोमवार ते शुक्रवार, सोडायला कोण, आणायला कोण. माझं ऑफिस सहाला सुटतं, पाळणाघर साडेपाचला कुरकुरायला लागतं. सगळ्या चौकोनांत एकच नाव भरून भागणार नव्हतं.

त्याच दिवशी यासुतोचे मॅनेजर नेझूसान घरी आले, केकचा खोका घेऊन. बूट काढतानाच म्हणाले, "वहिनी, तुम्ही नसतात तर हे गाणं नसतं!"

"मग गाण्यावर माझं नाव कुठाय?"

ते हसले. मी हसले नाही हे लक्षात आल्यावर अजून थोडं हसले.

"एप्रिलपासून दौरा, वहिनी. सत्तावीस शहरं. आणि एक वाहिनी घरी येऊन मुलाखत घेणार म्हणते, गाण्यातली ती म्हणून. तेव्हा माझं आपलं एक सुचवणं होतं. तुमची सुट्टी अजून वर्षभर वाढवता आली तर? म्हणजे कसं, लोकांच्या मनात एक चित्र असतं. ती बाई सकाळी पोर सायकलवर मागे बांधून, घाम पुसत, ऑफिसला..."

"दमलेली दिसेल?"

"तसं नाही हो वहिनी."

"मग कसं?"

त्यांनी यासुतोकडे पाहिलं. यासुतो केकचा कागद सोलत होता. ते गेल्यावर मी पाळणाघराचा कागद त्याच्यासमोर ठेवला.

"नेझूसानचं अगदीच चुकीचं नाही," तो म्हणाला. "मी दौऱ्यावर. तू एकटी कशी निभावणार?"

"एकटी का? तू कुठे मेलायस?"

"सुझुनो, मी तुझ्याच काळजीनं म्हणतोय. तू त्या दिवशी घरात, दिवसाउजेडी, मी समोर असताना घाबरली होतीस."

"कुणी सांगितलं?"

"तूच."

"मी सांगितलं?"

"सगळ्या देशाला माहीत आहे!"

"देशाला तू सांगितलंस!"

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. त्यानं माझं दमणं घेतलं, त्याची भीती केली, त्या भीतीचं गाणं केलं, आणि आता ते गाणं दाराला कडीसारखं लावून मला आत ठेवत होता.

"तुला आमच्याकडचा एक तरी शब्द येतो का रे?"

"तुमच्याकडचा म्हणजे?"

"होक्काइदोचा. सात वर्षं माझ्या आईनं पाठवलेल्या कोंबूचं सूप पितोयस. एक शब्द?"

"पण तू कुठे तसं बोलतेस?" तो खरोखर गोंधळून म्हणाला. "तुझं बोलणं तर अगदी टोकियोचं वाटतं."

जिभेवर आलं होतं. एका वाक्यात झालं असतं. पण मी ओठ मिटले, कारण मला दिसलं की मी आता सांगितलं तर तो वही काढेल. हळवा होईल, आतल्या खोलीत जाईल, आणि वाडगे तिथेच राहतील. भिंतीवर नेझूसाननी लावलेला दौऱ्याच्या तारखांचा कागद होता. दौऱ्याआधी चार ठिकाणी तालमीचे कार्यक्रम. तिसरं कुशिरो, सतरा फेब्रुवारी, दुपारी दोन.

मी नेझूसानना फोन केला आणि गोड आवाजात म्हणाले, "माझं माहेर आहे हो तिकडे. पुढच्या रांगेची आठ तिकिटं मिळतील का? आईला आणि तिच्या मैत्रिणींना."

"वा, वहिनी! का नाही!"

हे मी मुद्दाम केलं. कुणी सांगितलं नव्हतं, चुकून झालं नाही.

सतरा तारखेला कुशिरोला उणे नऊ होतं. रस्त्यावरचा बर्फ काचेसारखा. सभागृहाच्या दारात आई आणि तिची टोळी उभी होती, सगळ्यांनी ठेवणीतले कोट घातलेले, सगळ्यांचे हात कोंबूनं काळवंडलेले आणि बोटं जाडजूड. त्सुने आजी एक्याऐंशी वर्षांची. तिनं ओतोहाचे गाल दोन्ही हातांत धरले आणि म्हणाली, "कुणासारखी गं ही? कान बापाचे. असू दे, कानांनी ऐकलं म्हणजे झालं."

मी ओतोहाला पोटाशी बांधून, तिच्या कानांवर जाड कानटोपी ओढून बाजूच्या दारात उभी राहिले. नऊशे माणसं. सगळी गाणी झाली. शेवटचं राहिलं. यासुतोनं स्टूल पुढे ओढलं. प्रत्येक कार्यक्रमात तो गाण्याआधी ती गोष्ट सांगतो, आवाज खाली आणून.

"माझी बायको तुमच्या ह्या भागातली," तो म्हणाला. टाळ्या. "कधी तक्रार करत नाही. पण आमची मुलगी अकरा दिवसांची होती, त्या रात्री ती खिडकीशी उभी राहून मला म्हणाली, कोवाई. तीनदा म्हणाली. कोवाई, कोवाई, कोवाई."

मग डावीकडे कुणीतरी फिस्सकन हसलं.

"मी तिला मिठीत घेतलं," यासुतो म्हणाला, "आणि सांगितलं, भिऊ नकोस..."

"अरे पोरा!" पहिल्या रांगेतून आवाज आला. बोटीवरून किनाऱ्यावर हाक मारायचा आवाज, त्याला माईक लागत नाही. त्सुने आजी उभी राहिली होती. "अरे, ती दमली होती! भिऊ नकोस काय म्हणतोस, भांडी घास की!"

मग नऊशे माणसं एकदम हसली. म्हाताऱ्या बायका एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होत्या. यासुतोही हसला, सगळे हसतायत म्हणून माणूस हसतो तसा, काही न कळता. तिसऱ्या रांगेतल्या एका गृहस्थांना त्याची दया आली. ते उभे राहिले, वाकून म्हणाले, "सर, माफ करा. आमच्याकडे कोवाई म्हणजे दमणं."

"दमणं?" यासुतो म्हणाला. माईक चालूच होता. दमणं, दमणं, असं ते भिंतीवरून परत आलं.

त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मला वाटलं होतं, ह्या क्षणी बर्फाचं पाणी प्यायल्यासारखं गार वाटेल. त्याचे कान लाल झाले होते. ओतोहाचे रडताना होतात तसेच, आधी पाळी, मग वरची कड. माझा हात आपोआप तिच्या डोक्यावर गेला. गार वाटलं नाही. पण वाईटही वाटलं नाही, हेही सांगून टाकते.

त्याला गावं लागलं. सूर वाजायला लागले होते, मागे उभे असलेले वादक काय करणार. पहिल्या कडव्यात तो "भिऊ नकोस" म्हणाला की लोक हसत होते. दुसऱ्या कडव्यात कमी हसले. तिसऱ्यांदा कोवाई हा शब्द आला तेव्हा त्याचा आवाज निघालाच नाही. त्यानं माईक लोकांकडे धरला, आणि त्या नऊशे माणसांनी तो शब्द म्हटला. सावकाश, आमच्याकडे म्हणतात तसा, शेवटचा स्वर खाली टाकून, ओझं जमिनीवर टाकतात तसा. आईही म्हणत होती. हसत नव्हती. तिच्या शेजारची निळ्या बोटीवाली काकू तोंडावर रुमाल धरून रडत होती, तिला पाच मुलं.

मीही म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात नेझूसान धावत माझ्यापाशी आले, डोळे पुसत पुसत.

"वहिनी! हे तर आणखी मोठं झालं! ह्याची वेगळी आवृत्ती काढू, कुशिरोची. लोक वेडे होतील!"

तोंडातला शब्द जागच्या जागी सुकला. ह्या लोकांना काहीही द्या, ते त्याचा केकच करतात.

रंगपटात यासुतो आरशाकडे पाठ करून बसला होता. मी दार लावलं.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"हो."

"नऊशे लोकांसमोर तू मला..."

"आणि तू मला किती लोकांसमोर घाबरट केलंस?"

"सांगता आलं नसतं का? घरी? एकदा?"

"तीनदा सांगितलं होतं. सिंकपाशी."

नेमकी त्याच वेळी आई आत आली, हातात भात भरलेल्या माकुळाचा डबा घेऊन. तिनं आमच्याकडे पाहिलं, डबा टेबलावर ठेवला, माझ्या पोटावरची गाठ सोडली आणि ओतोहाला उचलून सरळ त्याच्या मांडीवर दिलं.

"जावईबापू, हिला धरा. लंगोट भरलाय."

"सासूबाई, मी आत्ताच स्टेजवरून..."

"दमलात?" आईनं अगदी साधेपणानं विचारलं. आणि बाहेर निघून गेली.

त्यानं रंगपटाच्या कोचावर तिला निजवलं. लंगोटाची पट्टी आधी उलटी लावली, मग काढून सुलटी लावली. ओतोहा त्याचं नाक धरायला बघत होती. मी मदत केली नाही. हात मांडीखाली घालून बसले, नाहीतर हात माझं ऐकत नाहीत, आपणहून पुढे जातात.

मग पिशवीतून कागद काढून पावडरीच्या डब्यांमध्ये ठेवला. तक्ता भरलेला होता. सोमवार, मंगळवार, बुधवार, सोडायला आणि आणायला: वडील. गुरुवार, शुक्रवार: आई.

"पण दौरा?"

"दौरा शुक्र, शनि, रवि. भिंतीवरचा कागद मी वाचलाय. सोमवारी तू बारापर्यंत झोपतोस."

"सोमवारी अंग नुसतं..." तो म्हणाला आणि थांबला.

"बोल ना. तुमच्याकडे काय म्हणतात त्याला?"

त्यानं कागद जवळ ओढला. "मुलाखतीचं काय सांगू?"

"माझ्या ऑफिसात या म्हणावं. जेवणाच्या सुट्टीत बोलेन."

"शिक्का घरी आहे," तो शेवटी म्हणाला. आमच्याकडे सहीच्या जागी नावाचा शिक्का मारतात. ही त्याची निसटायची शेवटची खिडकी होती.

मी पिशवीच्या आतल्या कप्प्यातून त्याचा शिक्का काढला आणि लाल शाईची डबीही. "हा घे."

त्यानं दाबून शिक्का मारला. थोडा तिरका बसला, पण नाव वाचता येत होतं. कागद मी त्याच संध्याकाळी कुशिरोच्या पोस्टात टाकला, पेटीत हात घालून तो खरंच खाली पडला का ते चाचपून पाहिलं.

विमानतळावर जाताना टॅक्सीत त्यानं हळूच विचारलं, "अजून आहेस का? तशी?"

"कशी?"

त्याला तो शब्द उच्चारवेना. मी बाहेरचा बर्फ बघत राहिले.

एप्रिलच्या दुसऱ्या सोमवारी मिझुएनं माझ्या टेबलावर एक फाइल ठेवली. "तुझ्या नवऱ्याकडून दुरुस्ती आलीये. मी करू, की तू?"

मी उघडलं. गाणं तेच, मध्यरात्र तशीच, खिडकी तशीच, "भिऊ नकोस" तसंच. शब्द आणि संगीत ह्याच्या पुढे त्याचं एकट्याचं नाव तसंच. फक्त एक बदल होता. भीतीचं चित्राक्षर काढून टाकलं होतं, तिथे साधी अक्षरं होती. को, वा, ई. दमली म्हणायची हिंमत नाही, भ्याली म्हणायचं तोंड नाही. अर्धंच. आत बंद दाराआड बसून एवढंच जमलं ह्या माणसाला! मी हेडफोन इतक्या जोरात चढवले की मिझुएनं वळून पाहिलं.

मग कामाला लागले. चित्राक्षर होतं तेव्हा ते एकच अक्षर दोन स्वरांवर झपकन निळं होऊन जायचं, नजर पडायच्या आत. आता तीन अक्षरं होती, आणि प्रत्येकाला त्याचा वेळ द्यावा लागत होता. मी दिला. को, पूर्ण. वा, पूर्ण. ई तो खेचतो, तिथे शेवटच्या टोकापर्यंत निळा रंग सावकाश नेला, केसभरही पुढे नाही. गाणारी बाई टोकियोत असो नाहीतर एखाद्या गावच्या कराओकेच्या खोलीत, तिला तो शब्द घाईनं म्हणता येणार नाही एवढं बघितलं.

पावणेसहाला फोन थरथरला. यासुतोचा निरोप. आधी एक फोटो, ओतोहा तिच्या खुर्चीत, गालाला रताळं. मग: "वाडग्यांना भात सिमेंटसारखा चिकटलाय. ह्याचं काय करतात?"

"भिजत घाल" असं लिहिलं आणि खोडलं. अकरा दिवसांचं बाळ हातावर असताना मला कुणी सांगितलं नव्हतं.

एकच शब्द लिहिला, साध्या अक्षरांत, पुढे प्रश्नचिन्ह.

"कोवाई?"

फोन पालथा ठेवला आणि पुढची ओळ घेतली.